पहिल्या झोपेपर्यंत

शिरीन एअरच्या विमानातून उतरलेली माणसं लांबूनही ओळखू यायची. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला माणूस एरवी कसा दिसतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. डोळे तांबारलेले, पाय सुजलेले, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ याचा अंदाज घेणारा. शिरीनचे प्रवासी मात्र शेजारच्या गल्लीतून चालत आल्यासारखे बाहेर पडायचे. त्यांना भूक त्या गावच्या जेवणवेळेला लागायची आणि झोप त्या गावच्या रात्री यायची. म्हणूनच तिकिटाचा आकडा पाहून डोळे पांढरे झाले तरी परवडणारे लोक शिरीननंच जायचे.

ही किमया डॉ. रेवती पागनीसची. कंपनीच्या उलव्यातल्या मुख्य कार्यालयात तिची प्रयोगशाळा होती आणि अध्यक्षांच्या बैठकीत तिला कायमचं स्थान होतं. त्या दिवशी बैठकीला विषय एकच होता. 'मेरिडियन' नावाच्या विमान कंपन्यांच्या अलायन्समध्ये शिरीननं जायचं की नाही?

"सर, आपण जातो मोजक्या शहरांना," विक्रीप्रमुख नचिकेत गुप्ते सांगत होता. "आपल्या सिअ‍ॅटलच्या विमानात कोण बसतं? ज्याला सिअ‍ॅटललाच जायचंय तो. ज्याला त्याच्याही पुढं जायचंय, तो पहिल्यापासूनच दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढतो. मेरिडियनमध्ये गेलो तर पुढची सगळी गावं आपली. एक तिकीट, सामान थेट शेवटच्या गावी. आणि त्यांचे प्रवासीही आपल्याकडे येतील."

"येतील म्हणजे कोण येतील?" अध्यक्ष नोशिर कराणींनी विचारलं. सत्तरी उलटलेला हा पारशी गृहस्थ अजूनही नव्या विमानात आधी स्वतः बसून चहाच्या कपाचा कान बोटांत नीट बसतो का ते बघायचा. "वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या खुराड्यात बसून प्रवासाचे पॉइंट गोळा केलेला माणूस माझ्या पुढच्या खुर्चीत फुकट बसणार. आणि माझा पाहुणा मी सिअ‍ॅटलला परक्याच्या हवाली करणार. त्यांनी त्याला गार सँडविच दिलं तर नाव कोणाचं जाणार? शिरीन माझ्या आईचं नाव आहे, नचिकेत."

"सर, रिकामी खुर्चीसुद्धा आईच्याच नावाची असते."

कराणींना हसू आवरलं नाही. मग ते रेवतीकडे वळले. "डिकरी, तू काय म्हणते?"

"मी नाही म्हणते," रेवती म्हणाली. "पण कारण सँडविचचं नाही. पहिल्या झोपेचं आहे."

खोलीतल्या सगळ्यांना तिचा रोख कळला. बाहेरच्या कोणाला कळला नसता.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका असतो. ते शरीराचं मुख्य घड्याळ, आणि ते उजेडावर चालतं. पण घड्याळ तेवढं एकच नसतं. यकृताचं वेगळं, जठराचं वेगळं, स्नायूंचं वेगळं. प्रत्येक पेशीत काही प्रथिनं ठरावीक वेळी साचत जातात, ठरावीक वेळी विरत जातात, आणि त्या भरती-ओहोटीवर शरीराची वेळ ठरते. या घड्याळांचे काटे मोठे हट्टी. दिवसाला जेमतेम तासभर सरकतात. मुंबईचा माणूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतो तेव्हा त्याचा मेंदू एका गावी असतो, यकृत दुसऱ्या आणि जठर तिसऱ्याच. सगळी मंडळी एका गावात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

रेवतीनं शोधलेलं 'विलय' नावाचं औषध त्या प्रथिनांची पकड काही काळ सैल करायचं. प्रवासाच्या उत्तरार्धात खुर्चीच्या मानेपाशी बसवलेल्या बारीक नळीतून त्याचं धुकं प्रवाशाच्या श्वासात जायचं. छतावरचा उजेड, जेवणाची वेळ, खुर्चीची ऊब हे सगळं तोवर मुक्कामाच्या गावच्या वेळेनं चालू झालेलं असायचं. सैल झालेले काटे मुकाट्यानं तिकडे वळायचे.

पण वळलेले काटे आपोआप घट्ट होत नसत. उतरल्यावर माणूस काळोखात जी पहिली सलग झोप घ्यायचा, त्या झोपेत ते पक्के व्हायचे. तोवर घड्याळ उघडंच. त्या वेळात रात्रीचा लख्ख उजेड डोळ्यांत गेला, झोप मोडली, तर काटे भलतीकडेच अडकत, आणि सुटायला महिने लागत. शिरीनची न्यायला येणारी गाडी काळ्या काचांची असे, ठरलेल्या हॉटेलातल्या खोल्यांना तिहेरी पडदे असत, खोलीच्या दारापर्यंत सोबत माणूस असे. लोकांना तो थाट वाटायचा. खरं तर तो उपचाराचाच शेवटचा भाग होता, आणि ही गोष्ट कंपनीनं जिवापाड जपली होती.

"मग मेरिडियनवाल्यांना सांगून टाकू की काळोख ठेवा म्हणून," नचिकेत म्हणाला.

"सांगितलं की उद्या सगळे करतील," कराणी म्हणाले. "मग माझ्याकडे राहिलं काय?"

शेवटी मधला मार्ग निघाला. महिनाभर फक्त सिअ‍ॅटलपुढच्या प्रवासासाठी, मेरिडियनमधल्या नॉर्थ रिव्हर एअरलाइन्सबरोबर चाचणी करायची. संध्याकाळच्या आत मुक्कामी पोचणाऱ्यांनाच तिकीट द्यायचं. नॉर्थ रिव्हरला पहिल्या झोपेबद्दल काही सांगायचं नाही. महिन्याअखेरीस रेवतीनं आपलं मत द्यायचं आणि त्यावर कराणी ठरवणार.

बाकीचे उठल्यावर रेवती मागं थांबली. "सर, नॉर्थ रिव्हर फेअरबँक्सला जाते. अलास्कात. माझी ताई तिथं असते. माझं मत कुठं झुकतंय ते मलाच सांगता येत नाही, म्हणून कानावर घालते."

"तू तर नाही म्हणते. मग झुकली कुठे?"

रेवती कागद गोळा करून निघाली. ते इतकं सोपं नव्हतं.

*

रेवती नेरुळला आईबरोबर राहायची. कुमुदिनीबाई मिरजेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. थोरली मृणाल गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करायला म्हणून फेअरबँक्सच्या विद्यापीठात गेली आणि तिथलीच झाली. पुढं तिच्या फुफ्फुसांवर हवेचे फुगे धरल्याचं निघालं. उंचावर ते कधीही फुटतील, पुन्हा विमानात पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे तिनं यायचं नाही हे ठरलं. राहिलं आईनं जाणं.

आई एकदा गेलीही होती, मृणालच्या मुलीच्या बारशाला. परत आली ती निराळीच होऊन. दुपारी अंथरूण घालायची, पहाटे बॅग भरून दाराशी बसायची, रेवतीला "तुम्ही कोण, कुणाच्या?" म्हणून विचारायची. म्हाताऱ्या मेंदूचं घड्याळ एकदा विस्कटलं की नुसती झोपच जात नाही, माणूसच हरवतो. रेवती तेव्हा झोपेवर संशोधन करतच होती, पण 'विलय'चा ध्यास तिनं घेतला तो त्या महिन्यांत. आई हळूहळू सावरली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा हा धोका पत्करू नका.

त्या संध्याकाळी मृणालचा फोन आला तेव्हा रेवतीनं बैठकीतलं सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?" मृणालनं विचारलं.

"नाही म्हणाले, ताई."

"बरं," मृणाल म्हणाली आणि ताडकन फोन ठेवला.

कुमुदिनीबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. "चाचणी आहे म्हणालीस ना? मग मला तिकीट काढ."

"आई, मागच्या वेळचं आठवतं का तुला?"

"मला कुठलं आठवायला? ते तुम्हालाच आठवतं." त्यांनी मूठभर टरफलं ताटलीत टाकली. "हे बघ रेवा, तू घाबरून नाही म्हणालीस. माझ्यासाठी हो म्हणू नकोस, तसं माझ्यासाठी नाहीपण म्हणू नकोस. मी आपली एक गिऱ्हाईक. सगळ्यांना विकताय ते तिकीट मला विका."

"तुझ्या वयाचं अजून कोणी गेलेलं नाही गं तिकडून."

"मग माझ्या वयाच्यांना पुढं कशाच्या आधारावर पाठवणार आहात?"

रेवतीनं कराणींची परवानगी घेतली, विलय असेल तर हरकत नाही असं आईच्या डॉक्टरांकडून वदवून घेतलं, आणि दोन तिकिटं काढली.

*

सिअ‍ॅटलपर्यंतचा प्रवास पाण्यासारखा सरला. मधेच कधीतरी छत मावळतीच्या रंगाचं झालं, मग काळंभोर, मग हळूहळू फटफटीत. नळीतून धुकं आलं ते कुमुदिनीबाईंना कळलंही नाही. सिअ‍ॅटलला उतरल्या तेव्हा तिथं दुपार होती आणि बाईंना चांगली दुपारची भूक लागली होती.

"तुझी आई कशी दिसते?" त्यांनी मिस्कीलपणे विचारलं.

"माझ्यापेक्षा तरुण," रेवती म्हणाली. आईच्या मनगटावरच्या पट्टीतले शरीराचे आकडे तिनं चोरून पाहिले. सगळं जिथल्या तिथं होतं.

घोटाळा झाला तो पुढं. फेअरबँक्सच्या आसपासची जंगलं पेटली होती. वारा फिरला आणि धूर थेट धावपट्टीवर उतरला. नॉर्थ रिव्हरचं विमान आधी थोडं लांबलं, मग आणखी लांबलं. सुटलं तोवर संध्याकाळ होत आली होती. रेवतीनं मनात मांडणी केली. पोचायला उशीर होईल, पण मृणालनं झोपायच्या खोलीच्या काचांना आतून चांदीचा कागद चिकटवून ठेवलाय. उन्हाळ्यात तिकडे सगळेच तसं करतात, कारण जूनमध्ये त्या गावात रात्र होतच नाही. वेळेत खोली गाठली की झालं.

विमान उत्तरेकडे निघालं तशी संध्याकाळ पुढं सरकायचीच थांबली. सूर्य डावीकडच्या खिडक्यांशी लटकून राहिला. कुमुदिनीबाईंनी शेजारची झडप वर केली आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला.

"रेवा, अगं बघ! तीस वर्षं पोरींना फळ्यावर पृथ्वी काढून दाखवली. आस असा कलतो, म्हणून उत्तरेला सूर्य मावळत नाही. शिकवलं सगळ्यांना, आणि मी आज बघतेय."

"आई, झडप लाव. उजेड नको डोळ्यांत."

"थोडं बघू दे की."

रेवतीला ते ऊन त्यांच्या बुबुळांत उतरताना दिसत होतं. तिनं हात लांब करून झडप ओढली. पण जेवढं जायचं तेवढं ऊन आत गेलं होतं.

थोड्या वेळानं वैमानिकानं सांगितलं की फेअरबँक्सची धावपट्टी बंद झाली आहे, आपण अँकरेजला उतरतोय. उतरल्यावर विमान एका कडेला उभं राहिलं. घड्याळात रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि बाहेर चक्क ऊन होतं.

"सगळ्यांनी इमारतीत बसा," हवाई सेविका सांगत आली. साठीला टेकलेली, उंच, करड्या केसांची बाई. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं ग्वेन. "धूर कधी हटेल सांगता येत नाही."

रेवतीनं झडप तसूभर उचलून इमारतीकडं पाहिलं. सगळी काचेची. आत पांढरे दिवे, वरून सूर्य. तिनं आईकडे वळून पाहिलं. कुमुदिनीबाई पदराशी चाळा करत होत्या.

"डबा भरलास का गं, मृणाल?"

"आई, मी रेवती."

"साडेदहाची घंटा होईल. मोठ्या बाई रागावतील." त्या उठायला लागल्या. पट्ट्यानं अडवलं तेव्हा घाबरून त्यांनी रेवतीचा हात झटकला. "सोडा मला. कोण तुम्ही?"

रेवतीनं आईचं मनगट वळवून पाहिलं. पट्टीवरचे आकडे भरकटायला लागले होते. शरीराचं तापमान रात्रीसारखं उतरायच्या ऐवजी चढत होतं. काटे सकाळवर अडकू पाहत होते. ते तिथं पक्के झाले तर पुढचे कित्येक महिने ही बाई याच शाळेची घंटा ऐकत बसणार होती. आणि एवढ्या वयात त्यातून परत येईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

"त्यांना बरं नाहीये का?" ग्वेन शेजारी येऊन वाकली. "मी डॉक्टर बोलावते. रुग्णवाहिका लगेच येईल."

रुग्णवाहिका म्हणजे दिवे, दवाखाना म्हणजे आणखी दिवे, आणि गुंगीचं इंजेक्शन. "नको," रेवती म्हणाली. "त्यांना इथंच राहू द्या. काळोख करून."

"तसं करता येणार नाही. निदान कारण तरी सांगा."

रेवतीनं कंपनीत रुजू होताना दिलेला शब्द तिला आठवला. पहिल्या झोपेबद्दल अवाक्षर बाहेर काढायचं नाही. आणि समोरची बाई ज्या कंपनीची होती, तिच्यापासूनच तर ते लपवायचं ठरलं होतं.

तिनं सगळं सांगितलं. औषध, सैल झालेले काटे, काळोखातली पहिली सलग झोप. घाईघाईत, पण काही न वगळता.

ग्वेननं ऐकून घेतलं. "आम्हाला फक्त एवढंच कळवलं होतं की तुमच्या पाहुण्यांना शांत जागा आणि डोळ्यांची पट्टी द्या."

"हो. बाकीचं गुपित होतं."

"आणि आता?"

"आता ती माझी आई आहे."

ग्वेन वैमानिकाकडे गेली. रेवती आईचा हात धरून बसली. आई तो सोडवत राहिली. मग ध्वनिक्षेपकावर वैमानिकाचा आवाज आला. विमानात एका आजींना काळोखात झोपणं औषधाइतकंच गरजेचं आहे. ज्यांना इमारतीत जायचंय त्यांनी आत्ता जावं. जे थांबतील त्यांनी सगळ्या झडपा लावाव्यात, फोन बंद करावेत आणि आवाज करू नये.

बरेच जण उतरून गेले. मागच्या रांगांतली वीस-पंचवीस तरणी माणसं मात्र जागची हलली नाहीत. ती आग विझवायला निघालेली तुकडी होती. सकाळपासून जंगलात राबायचं, तर झोप त्यांनाही हवीच होती. त्यांच्यातल्या एका दाढीवाल्यानं उठून आपला पिवळा जाड कोट रेवतीच्या खिडकीवर अडकवला, कारण झडपेच्या कडेनं उन्हाची रेघ आत येत होती. ते बघून दुसऱ्यानं पुढच्या खिडकीवर लावला. मग एकेक करत सगळे कोट खिडक्यांवर गेले. ग्वेननं पुढच्या दाराशी घोंगडी टांगली आणि दिवे मालवले.

विमानात गर्द काळोख झाला.

"मृणाल कुठंय?" आईनं विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"पुढच्या गावाला आहे. तिच्याकडेच चाललोय. झोप आता."

"गाडी सुटेल."

"नाही सुटत, आई. आपल्यासाठीच थांबलीय."

काही वेळानं हातातला हात सैलावला. मागं कोणीतरी घोरायला लागलं, त्याला कोणीतरी ढोसलं, आणि पुन्हा सगळं शांत झालं. रेवती आईच्या पदराआड तिची पट्टी धरून आकडे बघत राहिली. आधी काहीच हललं नाही. मग तापमान एक कणभर उतरलं. आणखी एक कणभर. त्यानंतर ते दिवेलागणीनंतर उतरावं तसं सावकाश, न थांबता उतरत गेलं. काटे रात्रीकडे चालले होते.

धूर हटल्यावर इमारतीतले प्रवासी पावलं न वाजवता, चोरासारखे परत आले. विमान पहाटे उडालं तेव्हा कसलीही घोषणा झाली नाही.

*

चाकं टेकली त्या धक्क्यानं कुमुदिनीबाई जाग्या झाल्या. ग्वेननं दिवे लावले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिडकीवरच्या कोटाला बोट लावून पाहिलं.

"हा कुणाचा कोट?"

"आई," रेवती म्हणाली. "मी कोण सांग बरं."

"सकाळी उठून हे कसले प्रश्न? रेवती, चूळ भरायला पाणी मिळेल का?"

रेवतीनं कोटाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि ती रडली. दाढीवाल्यानं कोट परत मागायची घाई केली नाही.

मृणाल बाहेर गाडीत काचा वर करून बसली होती. धुरामुळं तिला खाली उतरायची मनाई होती. कुमुदिनीबाईच मागचं दार उघडून आत शिरल्या. पहिल्यांदा कोण काय बोललं ते रेवतीला कळलं नाही, कारण ती डिकीत सामान ठेवत होती आणि मुद्दामच वेळ लावत होती. पुढं येऊन बसली तेव्हा आई मृणालचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणत होती, "किती वाळलीस गं. खातेस की नाही काही?" आणि मृणाल डोळे पुसत रेवतीकडं बघून म्हणाली, "त्या दिवशी फोन आपटला. चुकलंच माझं."

"तुझं नाही चुकलं, ताई," रेवती म्हणाली. "चल आता. आईला आंघोळ करायचीय."

घरी पोचल्यावर तिनं कराणींना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"गुपित होतं ते," कराणी म्हणाले.

"हो सर. मी फोडलं."

"आई कशी आहे?"

"पोहे करतेय. ताईच्या स्वयंपाकघरात मोहरी सापडेना म्हणून चिडलीय."

कराणी मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "आता मत काय देणार?"

"सामील व्हावं, असं. पण पहिल्या झोपेबद्दल प्रत्येक कंपनीला आणि प्रत्येक प्रवाशाला आधी सांगायचं. नाही सांगणार, तर माझं उत्तर नाहीच राहील."

"मग शिरीनकडे राहिलं काय?"

"विलय आपलंच राहील, सर. केबिन आपली राहील. फक्त काळोख सगळ्यांचा होईल. त्या बाईंकडे तिहेरी पडदे नव्हते. मी मागितलं आणि त्यांनी दिलं, एवढंच. आपण आजवर कोणाकडे मागितलंच नव्हतं."

रेवतीनं मनातल्या मनात राजीनामा लिहायलाही घेतला.

"माझी आई वर्षातून एकदा बिलिमोऱ्याला जायची," कराणी म्हणाले. "लहानपणी मी बरोबर असायचो. दर मोठ्या स्टेशनावर तिचं कोणी ना कोणी भेटायला यायचं. कोणी चहा आणायचं, कोणी अंडी. थाट होता तिचा. मला वाटायचं, आई किती मोठी आहे. पण तो थाट त्या माणसांनीच केलेला होता." ते थांबले. "नचिकेतला सांग, मी सही करतो. आणि त्या ग्वेनबाईंचा नंबर मला पाठव. मला स्वतः बोलायचंय."

पुढं मेरिडियनच्या विमानांत काही रांगांना जाड पडदे लागले, आणि छोट्या छोट्या विमानतळांवर काळोख्या खोल्या झाल्या. शिरीनच्या सिअ‍ॅटलच्या विमानात जागा मिळेनाशी झाली. गार सँडविचबद्दल तक्रारी आल्या त्या आल्याच, आणि प्रत्येक तक्रारदाराला कराणी स्वतः फोन करून माफी मागत. नोकरी रेवतीची टिकली. वर 'गुपितं कुठं फोडायची ते या बाईंना विचारा' अशी कराणींची थट्टाही तिला जन्माची चिकटली.

पण त्या दिवशी यातलं सगळंच अजून घडायचं होतं. फोन ठेवून ती बैठकीच्या खोलीत आली. आईनं पोह्यांची बशी हातात दिली. आई आणि ताई मिरजेच्या कुणा शेजारणीच्या दोन्ही मुलांची लग्नं कशी लागली यावर तावातावानं बोलत होत्या. आईवर लक्ष ठेवायचं म्हणून रेवतीनं स्वतः विलय घेतलं नव्हतं. तिचं शरीर अजून नेरुळलाच होतं आणि तिथं रात्र झाली होती. दोन घास खाऊन तिनं बशी मांडीवर ठेवली, डोळे जरा मिटले, आणि बसल्या जागी ती झोपून गेली.

मृणालनं बशी अलगद काढून घेतली. कुमुदिनीबाईंनी आपली शाल तिच्या अंगावर घातली आणि म्हणाल्या, "हळू बोल गं. दमलीय पोर."